दोन फायनल आणि मधली सतरा वर्षं

२००७ साली मी कॅरिबियन बेटांतल्या बार्बाडोसला गेलो तो भारत-पाकिस्तान सामना बघायला. मेहुणा टोरांटोत असतो. त्याने कितीतरी आधी तिकिटं काढून ठेवली होती: १५ एप्रिल, केन्सिंग्टन ओव्हल, ब्रिजटाउन. वर्ल्ड कपचं वेळापत्रकच असं बेतलेलं, की सगळं सरळ पार पडलं तर त्या दिवशी हे दोघेच समोरासमोर यावेत. १७ मार्चला, एकाच दिवशी, आपण बांगलादेशकडून हरलो आणि पाकिस्तान आयर्लंडकडून. पहिल्याच फेरीत दोघांचा गाशा गुंडाळला गेला. आम्ही त्या तिकिटांवर आयर्लंड विरुद्ध बांगलादेश पाहिला. आयर्लंड जिंकलं. मेहुणा अजून तो विषय काढू देत नाही.

रजा मंजूर झालेली आणि विमानाचे पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून २८ तारखेच्या फायनलपर्यंत तिथेच राहिलो. गिलख्रिस्टचे १४९ पाहिले. शेवटची षटकं जवळजवळ काळोखात टाकली गेली, ती 'पाहिली' म्हणायला जीभ धजत नाही.

दुसरी खेप जून २०२४ ची. या वेळी सोबत भाचा, आणि फायनलला आपली टीम. उतरलो त्याच घरी, दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज भागात. घरमालकीणबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या, आता सत्तरीला टेकलेल्या. मला त्या पहिल्यापासून 'मिस्टर नाशिक' म्हणतात. नोकरी कुठली, हे त्यांनी २००७ मध्येच विचारून घेतलं होतं. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसायचो. या माहितीचा त्यांना काही उपयोग असेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

सतरा वर्षांनी एखाद्या जागी परत गेलं की आधी किरकोळ गोष्टी डोळ्यांत भरतात. बसचं तिकीट तेव्हा तिथले दीड डॉलर होतं, आता साडेतीन. निळ्या-पिवळ्या सरकारी बसपैकी बऱ्याच आता विजेवर चालतात, आवाज न करता शेजारी येऊन उभ्या राहतात आणि दचकवतात. ब्रिजटाउनच्या मुख्य चौकात नेल्सनचा पुतळा होता, लंडनमधल्या स्तंभाच्याही आधीचा, १८१३ चा. तो नोव्हेंबर २०२० मध्ये उतरवला. पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरला बार्बाडोस प्रजासत्ताक झाला, ब्रिटनची राणी राष्ट्रप्रमुख राहिली नाही. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी या दोन बातम्यांवर रकानेच्या रकाने भरले. बाईंनी एका वाक्यात निकाल लावला: "पुतळा गेल्यापासून तिथे बस पकडायला सोपं झालंय, एवढं खरं." खरं तर बस तिथे थांबतच नाही. पण मुद्दा कळला.

माझ्या डोळ्यांत भरला तो किनारा. २००७ मध्ये हेस्टिंग्जच्या घरासमोर वाळू नव्हतीच म्हणा ना. लाटा थेट खडकांवर आणि कुंपणाच्या भिंतींवर आपटायच्या, भरतीला चालायला वाट उरायची नाही. आता तिथे लांबलचक लाकडी पायवाट आहे, संध्याकाळी अख्खं गाव तिच्यावर फेऱ्या मारतं, आणि तिच्या पायथ्याशी चांगली रुंद वाळू आहे. ही वाळू ट्रकने आणून ओतलेली असणार, असं मला वाटलं. भाच्याने, तो स्थापत्य अभियंता, पाण्यातले दगडांचे ढीग दाखवले. लाट येते तेव्हा तिच्या पोटात वाळू असते. जोर असला की ती वाळू पुढे घेऊन जाते, आणि किनाऱ्यावरची असते तीही खरवडून नेते. मध्ये दगडांचा बांध घालून जोर मोडला की तिच्याच्याने ओझं पेलवत नाही, ती वाळू तिथेच टाकते. पुराचं पाणी संथ झालं की गाळ बसतो, तसंच. बांध योग्य जागी, योग्य अंतरावर घातले तर समुद्र फुकटात किनारा भरून देतो. फुकटात म्हणजे दगडांचा, आराखड्याचा आणि बांधकामाचा खर्च सोडून. तो इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या कर्जातून झाला.

कर्ज म्हटलं की माझे कान टवकारतात. पुढचे दहा दिवस मी त्या बेटाकडे बँकवाल्याच्याच नजरेने पाहिलं, आणि मला असं दिसलं की सतरा वर्षांत तिथे जे काही बदललं त्यातलं निम्मं एका खात्यावरून उलगडतं. ते खातं आधी समजून घेऊ.

बार्बाडोसचं क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. नाशिक शहरात २०११ च्या जनगणनेला याच्या पाचपट माणसं होती. एवढ्या छोट्या जागेत गहू पिकत नाही, गाड्या बनत नाहीत, तेलही पुरेसं निघत नाही. जवळपास सगळं बोटीने येतं, आणि बोटवाला बार्बाडोसचा डॉलर घेत नाही. त्याला अमेरिकन डॉलर लागतो.

म्हणजे तिथलं चलन हे एका अर्थी मेसच्या कुपनासारखं आहे. मेसमध्ये चालतं, पण मेसवाल्याला वाण्याकडे जाताना खरे पैसे लागतात. बार्बाडोसने १९७५ पासून शब्द दिलेला आहे: आमचे दोन डॉलर आणा, एक अमेरिकन डॉलर घेऊन जा. हा भाव तेव्हापासून हललेला नाही. तिथल्या माणसाला हे 'दोनास एक' इतकं अंगवळणी पडलंय, की तो मोडू शकतो ही कल्पनाच त्याला अभद्र वाटते. १९९१ मध्ये हात तंगीत आला, तेव्हा सरकारने नोकरांचे पगार आठ टक्के कापले, पण भाव सोडला नाही. यात नुसता हट्ट नाही. चलन स्वस्त केलं की निर्यात वाढते, असं पुस्तकात असतं. पण ज्याच्याकडे निर्यात करायला फारसं काही नाही आणि सकाळचा पावही आयात गव्हाचा आहे, त्याच्याकडे चलन स्वस्त झालं की फक्त महागाई वाढते.

हा शब्द पाळायचा तर तिजोरीत अमेरिकन डॉलरची शिल्लक हवी. ती शिल्लक किती आठवड्यांची आयात भागवेल, हा त्या देशाचा रक्तदाब. साधारण तीन महिन्यांची असली तर ठीक. त्याखाली गेली की घाम फुटायला लागतो.

मग हे डॉलर येतात कुठून? तीनशे वर्षं उत्तर होतं, उसातून. सतराव्या शतकात इंग्रजांनी गुलामांच्या कष्टांवर इथे ऊस उभा केला आणि सगळं बेट एक शेत करून टाकलं. गेल्या काही दशकांत हा धंदा तरला तो युरोपच्या मेहरबानीवर. जुन्या वसाहतींकडून साखर बाजारभावापेक्षा बऱ्याच चढ्या दराने घ्यायची, असा करार होता. २००६ पासून युरोपने तो दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. मी २००७ मध्ये पाहिला तो म्हणजे या धंद्याचा उतरता काळ, पण तेव्हा कळलं नाही. दोन कारखाने चालू होते, एप्रिल म्हणजे ऐन गळीत हंगाम, आणि बेटाच्या मध्यातून जाताना मळीचा तो आपल्याकडच्या कारखान्यांसारखा गोडसर आंबूस वास यायचा. मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. आता एकच कारखाना उरलाय, पोर्टवेलचा. जिथे ऊस होता तिथे कितीतरी ठिकाणी रान माजलंय, नाहीतर घरांचे प्लॉट पाडलेत. आपल्याकडे उसावर आमदार निवडून येतात. तिथे ऊस गेला आणि राजकारणात फारसं पानही हललं नाही. याचं मला अजून नवल वाटतं.

उसाची जागा पर्यटनाने घेतली, म्हणजे डॉलर शेतातून येण्याऐवजी किनाऱ्यावरून यायला लागले. पण गिऱ्हाईक तेच: ब्रिटन, अमेरिका, कॅनडा. २००८ ची मंदी आली आणि गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला. सरकारचा खर्च मात्र तसाच. तूट भरायला कर्ज, मग व्याज भरायला कर्ज. बँकेत आम्ही याला नवं-जुनं करणं म्हणायचो. मार्चअखेरीला जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडून खातं थकीत दिसू द्यायचं नाही. शेतकरी करतो तेव्हा साहेब डोळे वटारतात, सरकारं करतात तेव्हा त्याला धोरण म्हणतात.

२०१८ च्या मे महिन्यात निवडणूक झाली. मिया मोटली यांच्या पक्षाने तीसच्या तीस जागा जिंकल्या. आठवडाभरात त्यांनी जाहीर केलं, की परदेशी सावकारांचे हप्ते आम्ही थांबवतोय. तेव्हा कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या पावणेदोनपटीच्या घरात होतं आणि तिजोरीतले डॉलर जेमतेम दीड महिना पुरण्याइतके. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २९ कोटी अमेरिकन डॉलरचा कार्यक्रम घेतला, सरकारी नोकऱ्यांत कपात झाली, आणि बहुतेक जुनी कर्जं मांडून नव्याने लिहून घेतली. व्याज कमी, मुदत लांब. दरवेळी वाटतं की बुडतात ते परदेशी सावकार. इथे देशातलेही होते: बँका, विमा कंपन्या, साधी माणसं. बाईंच्या भावाने निवृत्तीचे पैसे सरकारी रोख्यांत ठेवले होते. "व्याज आलं, पण वाळवणाला घातलेल्या कपड्यासारखं आक्रसून आलं," असं त्या म्हणाल्या. (वाळवण माझं, आक्रसणं त्यांचं.) साडेतीन डॉलरचं बसतिकीट त्याच हिशोबातलं, २०१९ चं.

किनाऱ्यावरचे डॉलर किती नाजूक असतात, हे निवडणुकीच्या थोडंच आधी हेस्टिंग्जच्या शेजारच्या वर्दिंगने दाखवलं. २०१७ च्या अखेरीला दक्षिण किनाऱ्याची सांडपाण्याची व्यवस्था कोलमडली आणि मैला रस्त्यावर वाहू लागला. हॉटेलांच्या दारात. परदेशी सरकारांनी आपल्या प्रवाशांना सावध केलं. प्रकल्प दुरुस्त करायला पैसा नाही कारण कर्ज, आणि दुरुस्त केला नाही तर पर्यटक नाहीत, म्हणजे कर्ज फेडायला पैसा नाही. खात्याला अशी गाठ बसली की ती सोडवणारा अधिकारी हुशार लागतो. ती कशी सोडवली हे सांगतो, पण आधी बेटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन यायला हवं.

पूर्व किनाऱ्यावर बाथशेबा नावाचं गाव आहे. मशरूमसारखे खालून झिजलेले प्रचंड खडक पाण्यात उभे, आणि अटलांटिकच्या थेट आफ्रिकेकडून येणाऱ्या लाटा. २००७ मध्ये मी तिथे पाऊण दिवस नुसता बसून होतो. या वेळी गाडीची काच खाली केली आणि भाच्याने विचारलं, "मामा, अंडी नासली का कुठे?"

किनाऱ्यावर मांडीइतक्या उंचीचा तपकिरी ढिगारा होता. हातात घेतलं तर शेवाळासारखं नाही, झुडपासारखं लागतं: पानं, देठ आणि मधूनमधून हिरव्या मिरीएवढे फुगे. या फुग्यांत हवा असते, त्यामुळे हे सरगॅसम नावाचं समुद्री शेवाळ आयुष्यभर पाण्यावर तरंगतं, तळाला मूळ धरायची त्याला गरजच नाही. समुद्रात असतं तोवर ते गुणी आहे, मासळीची पिल्लं आणि छोटी कासवं त्याच्या आडोशाला वाढतात. किनाऱ्याला लागून कुजायला लागलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. डोकं दुखतं, घरातली चांदी काळी पडते, एसीच्या तांब्याच्या नळ्या खराब होतात.

पूर्वी हे मुख्यतः उत्तर अटलांटिकमधल्या सरगॅसो समुद्रात फिरत राहायचं. २०११ मध्ये ते पहिल्यांदा असं लोंढ्याने कॅरिबियन बेटांवर आलं, आणि नंतर जवळपास दरवर्षी येत राहिलं. विषुववृत्ताजवळच्या अटलांटिकमध्ये त्याचा एक नवा पट्टाच तयार झालाय. २०१८ मध्ये उपग्रहांनी तो मोजला: पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर लांब, दोन कोटी टनांहून जास्त. वाऱ्याने बी नव्या पाण्यात नेऊन टाकलं, समुद्राच्या पोटातून आणि मोठ्या नद्यांतून खत मिळत गेलं, अशी त्याची मांडणी शास्त्रज्ञ करतात. अॅमेझॉनच्या काठी काय घडतं त्याचं बिल बाथशेबाच्या चहावाल्याला येतं.

उचलून टाकायचं म्हटलं तर जेसीबीच्या बकेटमध्ये सरगॅसमबरोबर वाळूही येते. आठ दिवस सफाई केली की किनाराच अर्धा फूट खाली गेलेला. खत करायचं तर त्यात आर्सेनिक असतं, शेतात बेतानेच घालावं लागतं. तिथल्या विद्यापीठातल्या मंडळींनी रमच्या कारखान्याचं सांडपाणी आणि मेंढ्यांच्या लेंड्या यांत ते मुरवून गॅस काढला आणि त्यावर गाडी चालवून दाखवली. गोबरगॅसवर वाढलेल्या माणसाला ही कल्पना लगेच पटते.

याचा सगळ्यात मोठा घाव ताटात बसला. बार्बाडोसचा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे कू-कू आणि उडता मासा. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ भेंडीबरोबर घोटून केलेली उकड. उडता मासा त्यांच्या एक डॉलरच्या नाण्यावरही आहे. २००७ मध्ये ओइस्टिन्सच्या बाजारात बायका तो अशा वेगाने साफ करायच्या, की हात दिसायचे नाहीत, आणि तो गरिबाचा मासा होता, आपल्या बांगड्यासारखा. या वेळी पाटीवर मार्लिन, माहीमाही, स्वोर्डफिश. उडता मासा विचारला की विकणारी बाई हसून म्हणायची, "तो नाण्यावर बघा."

हा मासा अंडी घालतो ती तरंगत्या पालापाचोळ्यावर. कोळी लोक याचाच फायदा घ्यायचे: उसाच्या पाचटाची नाहीतर झावळ्यांची पेंढी पाण्यात सोडायची, मासे तिच्याभोवती गोळा झाले की जाळं टाकायचं. आता समुद्रभर हजारो मैल आयतं तरंगतं गवत पसरलेलं असताना कोळ्याच्या त्या एका पेंढीला मासा कशाला विचारेल? मासा पांगला. वर जाळ्यात गवत अडकतं, इंजिनाच्या पंख्यात अडकतं. पाचटही महागलं असणार म्हणा, ऊसच नाही तर.

आता ती गाठ. बार्बाडोसने कर्जं नव्याने लिहिताना रोख्यांत एक कलम घातलं. ठरावीक तीव्रतेचं चक्रीवादळ किंवा भूकंप झाला, तर दोन वर्षांपर्यंत मुद्दल आणि व्याज दोन्ही थांबतील, नंतर हिशोबात जोडले जातील. आपल्याकडे दुष्काळात काय होतं ते आठवा. पैसेवारी पन्नासच्या खाली आली, सरकारने दुष्काळ जाहीर केला, की पीककर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळते. पण त्यासाठी मोर्चे, निवेदनं, पंचनामे, मुंबईतली बैठक. तोवर बँकेची नोटीस येऊन गेलेली असते. इथे फरक असा, की स्थगिती कर्जाच्या कागदातच लिहिलेली आहे. सावकाराने ती डोळे उघडे ठेवून मान्य केलीय. हे आधी ग्रेनाडा या शेजारच्या बेट-देशाने केलं होतं, बार्बाडोसने ते मोठ्या प्रमाणावर केलं.

पण वादळ 'ठरावीक तीव्रतेचं' होतं हे कोण ठरवणार? इथे दुसरी गंमत आहे. २००४ मध्ये आयव्हान वादळाने ग्रेनाडाचं एका दिवसात वर्षाच्या उत्पन्नाच्या दुप्पट नुकसान केलं. त्यानंतर, मी पहिल्यांदा गेलो त्याच वर्षी, २००७ मध्ये, कॅरिबियन देशांनी मिळून एक विमा निधी उभा केला, सीसीआरआयएफ. त्यात पंचनामा नाही. वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग, समुद्राची उसळी हे आकडे गणितात घालायचे, गणित म्हणेल तेवढी रक्कम चौदा दिवसांत खात्यात. आपल्याकडे द्राक्षाचा किंवा आंब्याचा हवामानावर आधारित फळपीक विमा असतो, त्याचं हे थोरलं भावंड. बाग बघायला कोणी येत नाही, हवामान केंद्राचा आकडा बघतात. त्याचा गुण आणि दोष दोन्ही तोच. पैसे पटकन येतात, पण गारा तुमच्या बागेत पडल्या आणि केंद्रावर पडल्या नाहीत, तर तुम्ही कपाळाला हात लावून बसायचं. ही तक्रार मी टेबलाच्या अलीकडून शेकडो वेळा ऐकलीय.

तिसरी युक्ती जामीनदाराची. समजा तुमच्या डोक्यावर महागडं कर्ज आहे. गावातला एक वजनदार माणूस जामीन राहायला तयार झाला, म्हणून दुसरी बँक तुम्हाला स्वस्तात कर्ज देते. त्यातून महागडं फेडायचं. जो फरक वाचला तो खिशात घालायचा नाही, ठरलेल्या कामाला लावायचा, ही जामीनदाराची अट. २०२२ मध्ये अशा १५ कोटी डॉलरच्या व्यवहारात वाचलेले पैसे समुद्र राखायला लावायचं ठरलं आणि देशाच्या समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचा शब्द दिला. आम्ही परत आल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये, ३० कोटी डॉलरचा दुसरा व्यवहार झाला. जामीन राहिली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँक आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक. त्यातून सुटणारे सुमारे साडेबारा कोटी डॉलर मुख्यतः जाणार कुठे, तर वर्दिंगच्या त्याच सांडपाण्याला, ते शुद्ध करून शेतीला आणि भूजलाला द्यायला. बेट चुनखडीचं, पिण्याचं पाणी बहुतेक जमिनीच्या पोटातलं, तेव्हा हे काम नुसतं हॉटेलांसाठी नाही. कर्ज २०१८ च्या पावणेदोनपटीवरून आता वर्षाच्या उत्पन्नाच्या आसपास उतरलंय. मी असतो तर या फायलीवर शेरा मारला असता: खाते नियमित, देखरेख आवश्यक.

फायनलबद्दल तुम्हाला नव्याने काय सांगू? २९ जून, सात धावा, सीमारेषेवरचा सूर्याचा तो झेल. बोरिवलीच्या रोहितने खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकलं तेव्हा भाचा माझ्या खांद्यावर रडत होता. मला मात्र त्याच मैदानावरचं १९६२ आठवत होतं. बार्बाडोसच्या ग्रिफिथचा चेंडू आपला कप्तान नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला लागला होता आणि त्याच्यासाठी रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल याच्याबरोबर उमरीगर, पुण्याचे बोर्डे आणि आमच्या नाशिकचे बापू नाडकर्णी होते. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आमचे आधीपासूनचे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेट बंद झालं. बेरिल वादळ येत होतं, अटलांटिकमध्ये जूनमध्येच चौथ्या श्रेणीला पोचलेलं पहिलं वादळ. विमानतळ बंद, आपली टीमही हॉटेलात अडकलेली. सोमवारी, १ जुलैला, बेरिलचा डोळा बार्बाडोसच्या दक्षिणेकडून शंभरावर किलोमीटर दूर गेला आणि ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर कोसळला. पुढे ग्रेनाडाने आपलं ते कलम वापरलं, हप्ते थांबवले, आणि विमा निधीतून चार कोटी डॉलरहून जास्त मिळवले. बार्बाडोसला कलम वापरावं लागलं नाही. जमिनीवर वारा बेताचा होता, छपरं बहुतेक शाबूत.

समुद्र मात्र बेताचा नव्हता. मंगळवारी आम्ही ब्रिजटाउनच्या मासेमारी बंदरावर गेलो. वादळ येणार म्हणून कोळ्यांनी होड्या तिथे आडोशाला एकत्र आणून बांधल्या होत्या. बंदरातच लाटा शिरल्या आणि त्यांनी त्या होड्या एकमेकींवर आपटून फोडल्या. सुमारे दोनशे होड्यांचं नुकसान झालं, कितीतरी बुडाल्या. क्रेनने एकेक वर काढत होते. वर येताना प्रत्येक होडीतून पाणी, डिझेल आणि ते तपकिरी गवत ओघळायचं.

कठड्यापाशी एक साठीचा कोळी आपल्या होडीकडे बघत उभा होता. पुढचा भाग फुटून लोंबत होता, इंजिन जागेवर होतं. भाच्याच्या अंगातली निळी जर्सी बघून तो म्हणाला, "तुमची माणसं अजून इथेच?" मग बोलता बोलता मी, सवयीने, इंजिनाबद्दल विचारलं. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, एका पतपेढीच्या कर्जावर, तीन वर्षं बाकी.

मी त्याला सरकारी रोख्यांतल्या कलमाचं सांगितलं. त्याला ते माहीत होतं, रेडिओवर ऐकलेलं. त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पतपेढीचं पुस्तक काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बघा बरं, यात कुठे आहे ते."

मी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. पुढचा हप्ता १५ तारखेला होता. तेवढ्यात क्रेनवाल्याने हाक मारली आणि आम्ही तिघांनी मिळून दोर धरला.